लिहिलेला प्रोग्राम आणि चालणारा प्रोग्राम

संगणकावर चालणारा प्रत्येक प्रोग्राम माणसाने लिहिलेला असतो, हे विधान अर्धेच खरे आहे. माणूस लिहितो तो मजकूर वेगळा आणि यंत्र चालवते तो वेगळा. माणसाच्या मजकुराला सोर्स कोड म्हणतात. तो अक्षरे, अंक व चिन्हे यांनी बनलेला असतो. ती भाषा शिकलेल्या कोणालाही तो वाचता येतो, त्यातील चूक दाखवता येते, त्यावर वाद घालता येतो. यंत्राला मात्र त्यातील एकही शब्द कळत नाही. त्याला हव्या असतात शून्य आणि एक यांच्या रूपातील आज्ञा, ज्या सामान्य माणसाला वाचता येत नाहीत. या दोन मजकुरांमध्ये एक वाट आहे. सोर्स कोड लिहिणाऱ्याचे कौतुक होते, चालणाऱ्या प्रोग्रामचा लोक उपयोग करतात. मधल्या वाटेकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक संगणकाच्या जगातील पुष्कळसा विश्वास आणि पुष्कळसा धोका या वाटेवरच वसलेला आहे.

या वाटेवरचे मुख्य साधन म्हणजे कंपायलर. सोर्स कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करण्याचे काम तो करतो. हे नाव संगणकाच्या संदर्भात रूढ केले ते अमेरिकेतील गणितज्ञ ग्रेस हॉपर यांनी. १९५२ च्या सुमारास त्यांनी तयार केलेली 'ए-झीरो' ही प्रणाली फितीवर साठवलेले तयार गणिती भाग शोधून ते एकत्र करी. म्हणजे ते खरोखरच संकलन होते, आणि मराठीतील 'संकलक' हा प्रतिशब्द त्या पहिल्या साधनाला नेमका लागू पडतो. आजचा कंपायलर संकलनापेक्षा भाषांतरच अधिक करतो. पण नावे एकदा चिकटली की सुटत नाहीत.

प्रोग्राम लहान असेल तर प्रश्न उद्भवत नाही. एक फाइल लिहावी, कंपायलरला द्यावी, यंत्रभाषेतील प्रोग्राम हाती घ्यावा. परंतु उपयोगाचा प्रोग्राम क्वचितच एका फाइलमध्ये मावतो. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याचे उदाहरण घ्यावे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तो लिहायला घेतला. आज त्यात तीन कोटींहून अधिक ओळी असून त्या हजारो फाइलींत विभागलेल्या आहेत. प्रत्येक फाइलचे स्वतंत्र भाषांतर होते, त्यातून अर्धतयार तुकडे निर्माण होतात आणि 'लिंकर' नावाचे दुसरे साधन ते तुकडे एकमेकांना जोडून अखंड प्रोग्राम तयार करते. या सर्व कामाला व्यवसायात 'बिल्ड' म्हणतात. त्याला बांधणी म्हणणे योग्य ठरेल. बांधणीतील खरी अडचण अशी की फाइली एकमेकींवर अवलंबून असतात. एका फाइलमध्ये दिलेली व्याख्या पन्नास फाइली वापरतात. ती व्याख्या बदलली तर त्या पन्नासांचेही भाषांतर पुन्हा करावे लागते. उरलेल्या हजारोंना हात लावण्याचे कारण नसते.

अशा अवलंबनाचे गणित स्वयंपाकघरात रोज मांडले जाते, फक्त त्याला कोणी शास्त्र म्हणत नाही. पुरणपोळीच्या दिवशी हरभऱ्याची डाळ शिजते. तिच्या पाण्यावर कटाची आमटी अवलंबून, डाळीवर व गुळावर पुरण अवलंबून, पुरणावर आणि भिजवलेल्या कणकेवर पोळी अवलंबून. गूळ कमी पडल्याचे ध्यानात आले, तर पुरण पुन्हा चुलीवर चढते. कणीक पुन्हा मळावी लागत नाही, की आमटीला पुन्हा फोडणी द्यावी लागत नाही. पण पहिल्या पुरणाच्या दोन पोळ्या आधीच भाजून झाल्या असतील, तर त्या बेचवच राहतात. पुरण सुधारल्याने जुनी पोळी गोड होत नाही. ही शेवटची गोष्ट स्वयंपाकघरात लहान मुलालाही कळते. संगणकाच्या पडद्यासमोर बसलेला जाणता मनुष्य मात्र ती सहज विसरतो.

आणि ती विसरण्यातूनच या क्षेत्रातील एका महत्त्वाच्या साधनाचा जन्म झाला. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात बेल लॅबोरेटरीज ही प्रख्यात संशोधनसंस्था आहे. युनिक्स ही कार्यप्रणाली आणि सी ही भाषा तेथीलच. १९७६ मध्ये तेथील स्टीव्ह जॉन्सन हे संशोधक एका प्रोग्राममधील चूक शोधण्यात संपूर्ण सकाळ घालवून बसले. चूक सापडेना, कारण ती अस्तित्वातच नव्हती. सोर्स कोडमध्ये ती आधीच दुरुस्त झाली होती. फक्त त्या फाइलचे भाषांतर पुन्हा करायचे राहून गेले होते. डोळ्यांसमोर होता सुधारलेला मजकूर आणि यंत्रात चालत होता जुनाच. संतापलेले जॉन्सन आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. फेल्डमन यांचाही आदल्या संध्याकाळचा काही वेळ अशाच घोटाळ्यात गेला होता. त्यांनी यावर उपाय म्हणून प्रथम एक गुंतागुंतीची कल्पना मांडली, मग ती बरीच सोपी केली, आणि त्याच आठवड्याच्या अखेरीस दोन सुट्टीच्या दिवसांत 'मेक' हा प्रोग्राम लिहून काढला. जॉन्सन हे काही नवशिके नव्हते. कंपायलर लिहिण्यास साहाय्य करणारे 'याक' हे विख्यात साधन त्यांचेच आहे. मुद्रणालयात मुद्रितशोधकाने चूक सुधारावी आणि छपाईला जुनाच फर्मा जावा, तसे त्यांच्याबाबत घडले. छापखान्यातील जाणकार मंडळी असा प्रसंग ऐकून हसणार नाहीत.

'मेक'चे काम मोठे साधे आहे. 'मेकफाइल' नावाच्या एका फाइलमध्ये प्रोग्रामर नियम लिहून ठेवतो. प्रत्येक नियमात तीन गोष्टी असतात: काय तयार करायचे, ते कोणकोणत्या फाइलींवर अवलंबून आहे, आणि ते तयार करण्यासाठी कोणती आज्ञा द्यायची. 'मेक' हे नियम वाचते आणि प्रत्येक फाइल शेवटी केव्हा बदलली ती वेळ पाहते. तयार वस्तूपेक्षा तिची एखादी सामग्री नवी असेल, तर ती वस्तू शिळी झाली असे ठरवून ती पुन्हा तयार करते. नसेल तर तिला स्पर्शही करत नाही. एक वस्तू दुसरीवर, दुसरी तिसरीवर अवलंबून असेल, तर कामाचा क्रमही ते स्वतःच लावते. एवढेच. यात बुद्धिमत्तेचा अंश नाही. आहे ती केवळ न थकणारी काटेकोर नजर. पुढे याच धर्तीवर अनेक साधने निघाली. जावा भाषेसाठी २००० च्या सुमारास 'अँट' आले, नंतर 'मेव्हन' आले. काहींनी फाइलच्या वेळेऐवजी तिच्या मजकुराचीच खूण तपासण्याची अधिक विश्वसनीय रीत स्वीकारली. तरीही मूळ 'मेक' मोडीत निघाले नाही. लिनक्सचा गाभा आजही त्याच्याच आधारे बांधला जातो. अशा कामासाठी फेल्डमन यांना २००३ चा एसीएम संस्थेचा सॉफ्टवेअर प्रणाली पुरस्कार देण्यात आला, ही या क्षेत्राने दाखवलेली चांगलीच कृतज्ञता होय.

'मेक'मुळे वेळ वाचला असे सर्वत्र सांगितले जाते. ते खरेच आहे. परंतु वेळेची बचत हा या साधनाचा दुय्यम लाभ आहे. तो मुख्य मानल्यामुळे साधनाचे मर्मच नजरेआड होते. 'मेक'पूर्वी एखादा मोठा प्रोग्राम कसा बांधायचा, हे ज्ञान बहुतांशी माणसांच्या डोक्यात असे. अमुक फाइल बदलली की तमुक तीन फाइलींचे भाषांतर पुन्हा करायचे, अमुक तुकडा आधी जोडायचा, हे ज्याला ठाऊक तो जाणता; इतरांनी त्याला विचारावे. तो रजेवर गेला की काम अडे. किंवा मग एका फाइलमध्ये सगळ्या आज्ञा ओळीने लिहून ठेवाव्यात आणि प्रत्येक वेळी सारे काही आरंभापासून बांधावे. त्यात आज्ञा नोंदल्या जात. कशासाठी काय लागते, हा संबंध नोंदला जात नसे. मेकफाइलने हा संबंध कागदावर आणला. शिवाय ती साध्या अक्षरांत लिहिलेली, कोणालाही उघडून वाचता येईल अशी फाइल ठेवण्यात आली. युनिक्स घडवणाऱ्यांची वृत्तीच तशी होती: जे छापता येते, वाचता येते, दुरुस्त करता येते ते चांगले.

प्रत्येक व्यवसायात काही ज्ञान लिहिलेले असते आणि काही नुसते सांगोवांगी चालते. सांगोवांगीचे ज्ञान ज्याला मिळते त्याचा फायदा होतो. ज्याला योग्य वेळी योग्य माणसाजवळ बसायला मिळाले नाही, तो दाराबाहेर राहतो. शिक्षण मध्येच सुटलेल्या, वयाच्या पस्तिशीत-चाळिशीत पुन्हा पुस्तक हाती धरणाऱ्या माणसाला हे दार चांगले परिचयाचे असते. कामाची सूत्रे वाचता येतील अशा रूपात लिहून ठेवणे हा त्याच्या दृष्टीने शिस्तीचा नव्हे, तर प्रवेशाचा प्रश्न आहे. व्यवस्थित लिहिलेली मेकफाइल परक्या माणसालाही सांगते की हा प्रोग्राम कशाकशाचा बनला आहे आणि कोणत्या क्रमाने. सोर्स कोड सर्वांसाठी खुला ठेवायचा, पण तो बांधण्याची रीत मात्र दोघांच्या स्मरणात राहू द्यायची, हा खुलेपणा म्हणजे वाड्याचा दरवाजा उघडून जिना काढून ठेवण्यासारखे आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. यंत्राने सगळे आपोआप केले तर माणसाची समज बोथट होते. बटण दाबणारे वाढतात, जाणणारे घटतात. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आज प्रोग्राम लिहिण्याच्या बहुतेक साधनांत पडद्यावर एक बटण असते. ते दाबले की भाषांतर, जोडणी, चालवणे हे सारे क्षणात उरकते. अनेक विद्यार्थी वर्षभर ते बटण दाबतात आणि त्यामागे काय घडते याचा पत्ता त्यांना नसतो. पण दोष कोणाचा, हे नीट पाहायला हवे. स्वयंचलित साधन माणसाकडून विचार करण्याचे काम काढून घेत नाही. ते विचार एकदाच आणि आधीच करायला लावते. कशावर काय अवलंबून आहे हे लिहून देणाऱ्याला आधी ते समजलेच पाहिजे. समज बोथट होते ती लिहून दिलेले न वाचणाऱ्याची. मेकफाइल उघडून पाहायला कोणी बंदी केलेली नाही.

अर्थात साधनाची भलावण करताना त्याचे दोष झाकण्याचे कारण नाही. त्यातील एक तर केवळ करमणुकीचा आहे. मेकफाइलमध्ये आज्ञेची ओळ 'टॅब' या कळीने सुरू करावी लागते; तेथे साध्या मोकळ्या जागा सोडल्या तर दिसायला ओळ तशीच दिसते, पण 'मेक' ती नाकारते. हा नियम गैरसोयीचा आहे, हे फेल्डमन यांच्याही लवकरच लक्षात आले. परंतु तोपर्यंत काही आठवडे उलटले होते आणि सुमारे डझनभर लोक, बहुतेक मित्रच, 'मेक' वापरू लागले होते. त्यांच्या लिहून झालेल्या फाइली मोडू नयेत म्हणून नियम तसाच ठेवला गेला. डझनभर मित्रांच्या सोयीखातर त्यानंतरच्या असंख्य अनोळखी लोकांनी जवळजवळ अर्धे शतक या अदृश्य कळीपायी डोके धरले आहे. सौजन्याचा इतका महागडा नमुना विरळाच.

दुसरा दोष गंभीर आहे. 'मेक'ला तेवढेच कळते जेवढे त्याला लिहून दिलेले असते. एखादे अवलंबन लिहायचे राहिले, तर ती फाइल बदलूनही 'मेक' स्वस्थ बसते; आणि जॉन्सन यांच्या सकाळीसारखी सकाळ पुन्हा उगवते. फरक इतकाच की पूर्वी प्रोग्रामरला आपल्याच स्मरणशक्तीवर संशय घेता येत होता; आता यंत्राने पाहिले आहे या भरवशावर तो निर्धास्त असतो. दोन संगणकांची घड्याळे जुळत नसतील तरीही वेळेच्या तुलनेवर बेतलेला हा हिशेब चुकतो. म्हणूनच अवलंबनांची यादी हाताने लिहिण्याऐवजी कंपायलरकडूनच करवून घेण्याची पद्धत पुढे आली, आणि म्हणूनच महत्त्वाच्या प्रकाशनापूर्वी सर्व जुने तुकडे पुसून संपूर्ण बांधणी नव्याने करण्याची दक्षता अनुभवी लोक आजही घेतात.

येथवरचे दोष अनवधानाचे झाले. परंतु मधल्या वाटेवर मुद्दाम कोणी दबा धरून बसले तर? हा प्रश्न युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी फार पूर्वी विचारला होता. १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना डेनिस रिची यांच्यासमवेत मिळाला. त्यानिमित्त दिलेल्या आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात त्यांनी असे दाखवले की कंपायलरमध्येच एक छुपी करामत घालता येते. तो विशिष्ट प्रोग्रामचे भाषांतर करताना त्यात चोरदरवाजा ठेवतो, आणि स्वतः कंपायलरचे भाषांतर करताना तीच करामत नव्या कंपायलरमध्येही उतरवतो. मग सोर्स कोड कितीही तपासला तरी तो निष्कलंकच दिसतो. थॉम्प्सन यांचा निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता: जो प्रोग्राम आपण सर्वस्वी स्वतः घडवला नाही, त्याच्यावर विश्वास ठेवायचा तर तो घडवणाऱ्या माणसांवर ठेवावा लागतो.

चाळीस वर्षांनी या प्रश्नाला वेगळ्याच वाटेने उजाळा मिळाला. २०२४ च्या मार्च महिन्यात आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या कामात एक क्षुल्लक विसंगती जाणवली. दूरच्या संगणकात प्रवेश घेण्याच्या क्रियेला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत होता. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. त्यांनी पाठपुरावा केला. तेव्हा लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'एक्सझेड' या फाइल-संक्षेपणाच्या प्रोग्राममध्ये चोरदरवाजा घातल्याचे उघड झाले. तो घालणाऱ्या टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून राबून विश्वास संपादन केला होता. आणि त्याने जागा निवडली ती बांधणीची. दुष्ट भाग चाचणीसाठी ठेवलेल्या, वाचता न येणाऱ्या फाइलींत दडवलेला होता. तो बांधणीच्या वेळी बाहेर काढून प्रोग्राममध्ये मिसळणारा मजकूर बांधणीच्या सूचनांमध्ये होता. तोही सार्वजनिक भांडारात ठेवलेला नव्हता. वितरणासाठी तयार केलेल्या गठ्ठ्यात तेवढा घातलेला होता. हजारो डोळ्यांसाठी सोर्स कोड उघडा होता. ते डोळे बांधणीच्या सूचनांकडे वळले नाहीत, कारण त्या वाचण्याचा मजकूर आहेत असे कोणी मानतच नव्हते. बहुतेक वितरकांच्या स्थिर आवृत्त्यांत हा प्रोग्राम पोचण्यापूर्वीच प्रकार उघडकीस आला, हे संपूर्ण जगाचे सुदैव.

यावर यंत्रानेच यंत्राची राखण करावी असा उपाय अनेकजण सुचवतात, आणि त्यात तथ्यही आहे. २०१३ पासून डेबियन या लिनक्स-प्रकल्पातील स्वयंसेवकांनी पुनरुत्पाद्य बांधणीचा आग्रह धरला आहे. तोच सोर्स कोड, तीच साधने आणि त्याच सूचना घेतल्या, तर कोणीही, कोठेही बांधलेला प्रोग्राम शेवटच्या अंकापर्यंत एकसारखा निघाला पाहिजे, अशी ही कसोटी आहे. ती वाटते तितकी सोपी नाही. बांधणीची वेळ, फोल्डरचे नाव, फाइली वाचण्याचा क्रम अशा फुटकळ गोष्टीही तयार प्रोग्राममध्ये झिरपतात आणि दोन बांधण्या वेगळ्या करतात. ती साधली की चार अपरिचित माणसे चार ठिकाणी स्वतंत्र बांधणी करून निकाल ताडून पाहू शकतात. तथापि एक्सझेडच्या प्रकरणात एवढ्याने भागले नसते. दूषित गठ्ठा चौघांनी बांधला असता, तर चौघांच्याही हाती तोच दूषित प्रोग्राम आला असता. तेथे गरज होती ती गठ्ठा आणि सार्वजनिक भांडार शेजारी ठेवून दोन्ही वाचणाऱ्या माणसाची.

असे वाचणारे कोठून यावेत? सध्याच्या शिकवण्याच्या पद्धतीतून ते सहज निर्माण होतील असे दिसत नाही. आरंभीच्या अभ्यासक्रमांत भाषा शिकवली जाते, उदाहरणे सोडवून घेतली जातात आणि बांधणी बटणावर सोपवली जाते. नवशिक्यावर सुरुवातीलाच भार टाकू नये, हे म्हणणे मान्य केले तरी तीन फाइलींचा लहानसा प्रोग्राम कोणत्याही नवशिक्याला जड नाही. तो प्रथम प्रत्येक फाइलसाठी स्वतंत्र आज्ञा देऊन हाताने बांधून घ्यावा, म्हणजे कंटाळाही येईल आणि क्रमही कळेल. मग दहा-बारा ओळींची मेकफाइल विद्यार्थ्याकडूनच लिहवून घ्यावी. आणि त्यानंतर तिच्यातील एक अवलंबन मुद्दाम खोडायला लावून ती फाइल बदलायला सांगावी. 'मेक' चालवल्यावर सारे काही अद्ययावत असल्याचा निर्वाळा मिळतो, प्रोग्राम पूर्वीचेच उत्तर देत राहतो आणि चुकीची सूचना मात्र पडद्यावर कोठेही उमटत नाही. त्या वेळी विद्यार्थी सहसा आपलाच कोड पुन्हा पुन्हा वाचू लागतो. शिक्षकाने तेव्हा लगेच बोलू नये.